हंगाम नोव्हेंबर ते मार्च, ठाणे : तारखांच्या नोंदी

८ जून २०२६, सोमवार

आमच्या संस्थेची पहिली बैठक सचिवांकडे, नौपाड्यात. यंदाचा हिवाळी हंगाम गाणं, नाच आणि नाटक मिळून एकाच पासावर करायचा, एवढं पाच मिनिटांत ठरलं. पुढचा सगळा वेळ उद्घाटनाला कुणाला बोलवायचं यात गेला. प्रत्येकाच्या खिशात एकेक नाव, आणि प्रत्येक नावाला ‘हाउसफुल्ल होणार, बघाच तुम्ही’ ही शेपटी. मी कॅलेंडर घेऊन गेले होते. चहाचे कप उचलले गेल्यावर ते उघडायला मिळालं.

यंदा अधिक ज्येष्ठ, १५ जूनला संपतो. त्यामुळे पुढचं सगळंच लांबलंय. गणपती १४ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी २५ ला, मग पितृपक्ष, ११ ऑक्टोबरला घट, २० ला दसरा, ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. सप्टेंबर-ऑक्टोबर हातचे गेले. खजिनदारांना मराठी रंगभूमी दिनीच नारळ फोडायचा होता. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ५ नोव्हेंबरला सांगलीत पहिला खेळ केला, त्या दिवसाचा मान मलाही आहे. पण यंदा तो दिवाळीच्या तोंडावरचा गुरुवार. घरोघरी सोऱ्या चालू असताना सभागृहात येणार कोण? दिवाळी पहाटही आपण करायची नाही असं मी सुचवलं. त्या सकाळी राम मारुती रोड आणि तलावपाळीवर आधीच पाय ठेवायला जागा नसते.

सुरुवात २२ नोव्हेंबर, शेवट २७ मार्चला म्हणजे जागतिक रंगभूमी दिनी, शनिवार आलाय. मधली घरं रिकामी. नावांचा विषय पुढच्या वेळी.

१९ जून, शुक्रवार

तारखांचा अर्ज लिहायला बसलो. नाट्यगृहाचा दिवस तीन सत्रांचा: सकाळ, दुपार, रात्र. शनिवार-रविवारची दुपार आणि रात्र व्यावसायिक नाटकांकडे जाते, आणि ते रास्तच आहे, नाट्यगृह त्यांच्यावरच चालतं. रविवार सकाळ मात्र कुणी मागत नाही. शाळांची संमेलनं, क्लासचे गुणगौरव, एखादा सत्कार. आमच्यातही ‘काहीच नाही मिळालं तर सकाळ घेऊ’ असाच सूर होता.

मी उलट म्हटलं, सकाळच मागा. रात्र दिली तरी गाण्याला नको.

कारण सरळ आहे. रात्री साडेआठची मैफल नऊला सुरू होते. विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल जरा रंगायला लागला की डोंबिवली-बदलापूरची मंडळी घड्याळ बघतात, दहाला मागच्या रांगा हलायला लागतात. गाणाऱ्याला ते दिसतं. मग तो द्रुत, म्हणजे जलद भाग, लवकर काढतो. दुसरं म्हणजे संध्याकाळच्या मैफलींत आपण तेच तेच राग ऐकतो. यमन, बिहाग, बागेश्री, भैरवीने शेवट. तोडी, रामकली, देसकार, जौनपुरी, अल्हैया बिलावल, हे सकाळचे राग शिकण्यात गवय्यांची वर्षं जातात आणि ते ऐकतात फक्त त्यांचे शिष्य. दुपारच्या सारंगांची तर आणखीच उपासमार. शुद्ध सारंग, गौड सारंग यांची वेळ ऐन माध्यान्हीची, तेव्हा सभागृहात टेम्पोतून सेट उतरत असतो.

सकाळी साडेआठला सुरुवात, पहिल्या कलाकाराने तोडीपासून पुढे जायचं, दुसऱ्याने बाराच्या आत सारंगावर आणून सोडायचं. हंगामाचा कणा हा. पुढची प्रत्येक तारीख घड्याळ बघून ठरवायची, पोस्टर बघून नाही.

सचिव म्हणाले, “अहो ताई, रविवारी सकाळी माणूस नऊला उठतो. मग पोहे, मग पेपर. तुमच्या तोडीला कोण येणार?”

“पोहे आपण देऊ, काका.”

ते हसले, पण इतिवृत्तात ‘मध्यंतरात पोहे, चहा’ लिहून घेतलं. सभागृहात खाणं चालत नाही, तेव्हा फोयरमध्येच.

एक अडचण खरीच आहे आणि ती रेल्वेची. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, आणि तो साधारण आपण लोकांना घरी सोडायच्या वेळीच चालू असतो. पण त्याचं वेळापत्रक आदल्या एक-दोन दिवसांत जाहीर होतं. शनिवारी संध्याकाळी पासधारकांना तेवढा एक निरोप जाईल, ही जबाबदारी माझ्याकडे.

४ जुलै, शनिवार

एका सभागृहाचा रंगमंच बघायला गेलो. नाव इथे नको, उद्या तिथेच तारीख मागायची आहे.

कथक करणाऱ्या ताईंना मुद्दाम सोबत नेलं होतं. आम्ही खुर्च्या, पडदे, एसी बघत होतो. त्या चपला काढून थेट रंगमंचावर गेल्या आणि गुडघ्यांवर बसल्या. तळहात फळ्यांवरून सावकाश फिरवायला लागल्या. मधोमध, साधारण जिथे दिवाणखान्याच्या सेटची भिंत उभी राहते तिथे, थांबल्या. खिळा. वर आलेला, डोकं उडालेलं. हातभर अंतरावर दुसरा. सेटच्या भिंतींना मागून तिरके आधार देतात, ते फळीत खिळे मारून पक्के करतात, प्रयोग संपला की घाईत उपटतात. अर्धा खिळा राहून जातो. बूट घातलेल्या नटाला तो कधीच कळत नाही. अनवाणी चक्कर घेणाऱ्या बाईला तो टाचेत कळतो. ताईंच्या हाताला एका जागी खोलगट लागलं, तिथे टाच आपटून बघितली. आवाज बसका आला. दोन पावलं सरकून पुन्हा आपटली, तिथे खणखणीत. “इथून इथपर्यंत नाचता येईल,” म्हणाल्या आणि खडूने चौकोन आखला. शिपाई बघतच राहिला.

व्हिनाइलचं मॅट पसरा असा सल्ला तिथल्या तिथे मिळाला. भरतनाट्यम्‌ला चालून जाईल, कथकला नाही. पायात शंभर-दीडशे घुंगरू बांधून तळपाय आपटायचा तो लाकूड बोलावं म्हणून. मॅटवर तो आवाज मरतो.

यातून निर्णय: नृत्य शनिवार-रविवारी नाही. आदल्या रात्री नाटक झालेल्या रंगमंचावर सकाळी खिळे वेचायला वेळच मिळत नाही. मधला वार घ्यायचा, बुधवार. आदल्या दिवशी बहुधा प्रयोग नसतो, सुतार नेता येतो. दोन कार्यकर्ते आणि एक मोठा लोहचुंबक, ही सोय आपलीच.

त्याच भेटीत ध्वनिसंयोजक दादांनी दोन गोष्टी सांगितल्या. कथकला पायांसाठी रंगमंचाच्या पुढच्या काठावर सपाट माइक लावायचे, नाहीतर तबलाच ऐकू येतो आणि पाय नुसते दिसतात. आणि सकाळच्या गाण्याला एसी प्रेक्षक यायच्या किमान तासभर आधी सुरू झाला पाहिजे. दमट हवेत लावलेला तबला गार, कोरड्या हवेत चढतो. तानपुऱ्याच्या तारा हलतात. मग कलाकार पंधरा मिनिटं लावत बसतो आणि लोक म्हणतात, उशीर झाला.

१२ जुलै, रविवार

नृत्याची साथ. रेकॉर्डेड ट्रॅकवर केलं तर निम्म्याहून कमी खर्च, हे खजिनदारांचं म्हणणं बरोबर आहे. तरी नको. तबला, पेटी, सारंगी आणि पढंत करणारी, म्हणजे नाचाचे बोल म्हणणारी, एक व्यक्ती, एवढी माणसं समोर बसलेली पाहिजेत. कथकचा निम्मा खेळ नाचणारीच्या आणि तबलजीच्या नजरेत चालतो. ट्रॅक डोळा मारत नाही. ज्या कार्यक्रमाला आपण ‘प्रत्यक्ष’ म्हणून तिकीट लावतो त्यात ट्रॅक वाजवायचा नाही, हा नियम सगळ्या हंगामाला लावून घेतला. नाटकाचं पार्श्वसंगीत वगळून, हे उघड आहे.

भरतनाट्यम्‌साठी डिसेंबर धरला होता तो सोडला. मध्य डिसेंबर ते मध्य जानेवारी चेन्नईत मार्गळी हा कर्नाटक संगीत-नृत्याचा हंगाम, मृदंगमवाले आणि गाणारे तिकडे. फेब्रुवारी.

डिसेंबरच्या मधल्या आठवड्यांत शास्त्रीय गाणंही ठेवणार नाही. पुण्यात सवाई गंधर्व असतो. १९५३ पासूनचा महोत्सव. ठाण्यातले कानसेन रजा टाकून तिकडे जातात, आपण त्यांच्याशी कशाला झटापट करा. तो आठवडा नाटकाला. शिवाय पालिकेच्या पं. राम मराठे स्मृती समारोहाच्या तारखा जाहीर झाल्या की आपली यादी एकदा पुन्हा तपासायची. बुवा ठाण्यात राहिले, गावाने त्यांच्या नावाचा समारोह धरून ठेवलाय, त्या दिवसांत दुसरी पेटी उघडणं बरं दिसत नाही.

१५ जुलै, बुधवार

पाऊस. बैठक रद्द.

२५ जुलै, शनिवार

आषाढी. कलाकारांना फोन लावायचा दिवस हा नव्हे. सगळे अभंगवाणीत. एका गायिकेने दोन कार्यक्रमांच्या मधल्या प्रवासात गाडीतून फोन उचलला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “सकाळी खरंच तोडी गाऊ देणार? की नंतर म्हणाल, जरा एखादा अभंगही घ्या?” मी म्हटलं, तोडीच. त्यांनी २२ नोव्हेंबर तिथेच लिहून घेतला. मानधनाचं नंतर बोलू म्हणाल्या. इतकी वर्षं हे काम करते आहे, मानधन नंतर बोलणारं माणूस क्वचितच भेटतं.

७ ऑगस्ट, शुक्रवार

हा आठवडा धवल्याच्या, म्हणजे लग्नातल्या गाण्यांच्या, मागे गेला, आणि वाया नाही गेला.

ठाण्याचा हंगाम म्हणायचं आणि त्यात ठाण्याचं काहीच नाही, हे मला खटकत होतं. कोळीगीतं घ्या असा सूर निघाला. चेंदणी कोळीवाडा हाकेच्या अंतरावर. पण रंगमंचावरचं कोळीनृत्य म्हणजे टोपली, वल्हं आणि ठरलेली चार गाणी, ते शाळेच्या संमेलनात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यापेक्षा आगरी समाजातला धवला. लग्नाच्या एकेका विधीला धवलारीण तो गाते. हळदीला वेगळा, मांडवाला वेगळा. वाद्य नाही, माइक नाही, बायका मागे झील धरतात. लग्नाचं पौरोहित्यच एक प्रकारे तिच्याकडे असे. आता लग्नात डीजे असतो आणि धवलारीण असलीच तर कोपऱ्यात.

घोडबंदरच्या बाजूच्या एका गावात अशा दोन आज्या भेटल्या. ओसरीवर बसून सगळं ऐकून घेतलं. थोरल्या म्हणाल्या, “येव की. पन लगीन नसताना धवला कुनासाठी गायाचा?”

हा प्रश्न बैठकीत मांडला तेव्हा सगळे गप्प. मग निघालं ते असं: रंगमंचावर खोटं लग्न लावायचं नाही, नवरा-नवरी उभे करायचे नाहीत. छोटं सभागृह, आज्या जमिनीवर बसणार, प्रेक्षकही जमिनीवर. शेजारी त्यांच्यातलीच एक शिकलेली सून बसून कुठला विधी, त्यात काय चालतं, ते सांगेल आणि मग त्या गातील. निवेदक बाहेरचा नको.

तारखेचा तिढा त्यांनीच सोडवला. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू, मग त्या मोकळ्या नाहीत. पौषात लग्नं नसतात. यंदाचा पौष ८ जानेवारी ते ६ फेब्रुवारीच्या आसपास, रविवार १७ जानेवारी त्यात बसतो. धवल्याची तारीख पंचांगावरून काढली, हे इतिवृत्तात लिहायला सचिवांना फार आवडलं.

मानधन: शास्त्रीय गायिकेच्या साथीदारांना जे, ते प्रत्येक आजीला. यावर थोडी कुरबुर झाली. मी जागची हलले नाही.

२२ ऑगस्ट, शनिवार

नाटकं. डिसेंबरचं व्यावसायिक नाटक कॉन्ट्रॅक्टवर घ्यायचं. तारीख निर्मात्याची, प्रयोग आपण ठोक रकमेत विकत घ्यायचा, तिकीट आपलं. त्यात शनिवारच्या रात्रीसाठी वेगळं भांडायला लागत नाही. १२ डिसेंबर, डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, मानपाडा. घोडबंदरकरांची तक्रार असते की सगळं स्टेशनजवळच होतं. मेट्रो ४ च्या कामात तो रस्ता पार करणं म्हणजे एक अंकच असतो, तेव्हा एक प्रयोग त्यांच्या दारात. स्टेशनकडच्यांनी या वेळी टीएमटीची बस धरावी.

मार्चचं प्रायोगिक नाटक त्याच नाट्यगृहाच्या छोट्या सभागृहात. मुलं नवीन आहेत, कॉलेजातून एकांकिका करून आलेली, दीर्घांक पहिलाच. त्यांना विचारलं, संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवली का. एकमेकांकडे बघायला लागली. प्रमाणपत्र नसेल तर तिकीट लावता येणार नाही, आणि परवानगी मिळालेल्या संहितेबाहेर ऐनवेळी प्रसंग घुसडता येत नाही. दिग्दर्शक म्हणाला, “आमचा शेवट अजून बदलतोय.” डिसेंबरअखेर बदलून घे बाबा, असं सांगितलं.

सचिवांचा नाट्यसंगीताचा हट्ट होता, तो मान्य केला. पहिल्या सकाळचा दुसरा भाग नाट्यपदांचा. म्हणजे त्या दिवशी सारंग नाही, सारंगाचा हिशोब फेब्रुवारीच्या सकाळी पुरा होईल. पण पदं निवडताना हक्कांचा घोळ नको. आपल्याकडे कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. नाटककार देवल १९१६ साली गेले, गडकरी १९१९ साली, त्यांचे शब्द केव्हाच मोकळे. मास्टर कृष्णराव १९७४ साली गेले, म्हणजे त्यांच्या चालींवरचा हक्क २०३४ अखेरपर्यंत. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, हे प्रत्येक पदाला वेगळं तपासायचं. गायिका पदांची यादी महिनाभर आधी देणार, त्यावरून आयपीआरएस या गीत-संगीताच्या हक्कांच्या संस्थेचा परवाना. आयत्या वेळी प्रेक्षकांतून चिठ्ठी आली तर? यादीतलंच गायचं, असं त्याच म्हणाल्या. चिठ्ठ्यांना त्याही कंटाळल्यात.

५ सप्टेंबर, शनिवार

पैसे. खजिनदारांचा दिवस.

शास्त्रीय गाणं, नृत्य, नाटक यांच्या तिकिटाला माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी लागत नाही, तेव्हा कुठलंही तिकीट त्यावर न्यायचं नाही. पास आठ कार्यक्रमांचा, पण आत प्रत्येक कार्यक्रमाचं वेगळं, किंमत छापलेलं कुपन. लोकांनाही तेच सोयीचं. ज्यांना कथक बघायचं नाही ते कुपन शेजारणीला देतील. द्यावंच. रिकाम्या खुर्चीपेक्षा शेजारीण बरी.

आसनक्रमांकावरून वाद झाला. माझं मत: सकाळच्या गाण्यांना क्रमांक नको, जो आधी येईल तो पुढे बसेल. साडेआठची वेळ पाळायला यापेक्षा चांगला उपाय नाही. नाटकाला क्रमांक हवेतच, तिथे लोक तिसऱ्या घंटेला येतात आणि प्लॅनवर बोट ठेवून भांडतात. दोन्ही मान्य. तरुणांना निम्मा पास, ओळखपत्र दाखवून. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, त्यामुळे ती मुलं शेवटच्या तीन कार्यक्रमांना दिसणार नाहीत, त्यांना पाचच कुपनांचा पास काढला.

वाशीच्या काही रसिकांनी एखादा कार्यक्रम तिकडे विष्णुदास भावे नाट्यगृहात करा असं सुचवलं होतं. या वर्षी नाही. ट्रान्स-हार्बरची गाडी ठाण्यालाच येऊन थांबते, सकाळी गर्दीही नसते. यावं त्यांनी.

१२ सप्टेंबर, शनिवार

परवा गणपती, त्याआधी पत्रक छापायला गेलं पाहिजे. आरतीच्या निमित्ताने लोक एकमेकांकडे जातात, तेव्हाच ते वाटून होतं.

तारखा पक्क्या. २२ नोव्हेंबर, रविवार सकाळ, गडकरी रंगायतन: तोडी आणि मग नाट्यपदं. १२ डिसेंबरला रात्री नाटक, घाणेकर. ६ जानेवारी, बुधवार संध्याकाळ, कथक. १७ जानेवारीला धवला. ३० जानेवारी, शनिवार, दुपारी चारची सतारीची बैठक घंटाळीजवळच्या छोट्या सभागृहात, माइकशिवाय. मुलतानीने सुरू करून दिवे लागायच्या वेळेला मारव्यात यायचं, असं सतारियांनी स्वतःच ठरवलंय, मी फक्त चारची वेळ दिली. १० फेब्रुवारी, बुधवारी भरतनाट्यम्. २१ फेब्रुवारी, रविवार सकाळ, दोन गायक, शेवट गौड सारंग. २७ मार्चला मुलांचं नाटक.

पत्रकावर कलाकारांच्या फोटोंपेक्षा वेळ मोठ्या टायपात घेतली. छापखान्यातून फोन आला, “मॅडम, साडेआठ सकाळचे की रात्रीचे? चूक तर नाही ना?” म्हटलं, सकाळचे, आणि ‘सकाळी’ हा शब्द अजून ठळक करा.

राहिलेली कामं: सुतार ५ जानेवारीला, त्याला आत्ताच सांगून ठेवणे. आज्यांना आणायला गाडी, आणि परत सोडायलाही. परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची मुलांकडे पंधरा दिवसांनी आठवण. २१ फेब्रुवारीला दुपारच्या नाटकाचा टेम्पो किती वाजता लागतो ते व्यवस्थापकांकडून लेखी घेणे. साडेबारा म्हणत असतील तर गौड सारंगला पाऊण तास मिळतो, बारा म्हणत असतील तर पहिल्या गायकाला सव्वाआठला बसवावं लागेल. त्यांच्याशी सोमवारनंतर बोलते, परवा ते गणपतीला गावी आहेत.